गाढीच्या पात्रातलं हळदीकुंकू

हॅलो?… हॅलो, रुचिरा? जरा मोठ्याने बोल गं, मी नदीत आहे… अगं नदीत, गाढीच्या पात्रात… नाही, पडले नाही! माझं हळदीकुंकू आहे आज… हो, नदीतच. व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रण पाठवलं होतं की. तू नुसता अंगठा टाकून मोकळी झालीस.

काय सांगायचंय?… सांग, सांग. पण आधी ऐक ना. तुझ्या सोसायटीतल्या बायका गोळा कर आणि निघ. खारघरहून नेरे काय लांब आहे?… किती म्हणजे? मिळतील तेवढ्या. सासवा, सुना, पोळ्या करणाऱ्या मावशी, कुणीही चालेल.

वाण?… घमेलं… घमेलं गं! सिमेंट कालवतात ते… हसू नकोस. दर पावसाळ्यात फ्रिज डायनिंग टेबलावर चढवून आम्ही दोघं पलंगावर पाय वर घेऊन बसतो, तेव्हा येतं का तुला हसू?… येतं? बरं.

अगं, नदीत गाळ साचून साचून पात्रच उरलं नाहीये. पाणी जाणार कुठे? सरळ गावात, आणि गावात पहिलं आमच्या अंगणात. तुझे भावोजी म्हणतात, पुरे झालं, घर विकू आणि नवीन पनवेलला दुसऱ्या मजल्यावर जाऊ. दुसरा मजला! सोनचाफा काय ग्रिलमध्ये लावू?… नाही, मी नाही जायची. म्हणून तर हा खटाटोप.

हो, हो, तुझं ऐकते. एवढं पूर्ण करू दे.

पोकलेन आणायचं? अगं, गावाने अर्ज केला होता ना! मशीन घालायला परवानगी लागते. परवानगीला स्थळपाहणी लागते. आणि स्थळपाहणीला साहेब आले कधी, तर भर ऑगस्टात. नदी दुथडी भरलेली. काठावर छत्री धरून उभे राहिले आणि म्हणाले, गाळ कुठाय? दिसत तर नाही!… देवाशपथ. तसंच लिहून गेले.

मग मी स्वतः गेले तहसीलला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, नदीतला गाळ म्हणजे गौण खनिज, त्याला असा हात लावता येत नाही. म्हटलं, मॅडम, हाच गाळ माझ्या कपाटात शिरतो तेव्हा कुणी म्हणत नाही याला खनिज! नदीत असला की सरकारचा आणि घरात आला की माझा?… मी हटतेय होय! शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, ‘अहो, घरच्यापुरती घमेलंभर माती हाताने न्या हो, कोण अडवतंय तुम्हाला?’

बस्स. तेवढंच हवं होतं मला. दर घरी एक घमेलं, आणि हळदीकुंकवाला बायका किती येतात?… कळलं ना? तिळगूळ घ्या, वाण घ्या, वाण भरून घरी न्या. सगळं नियमात!

कृष्णाबाई, तिकडून नको, मधल्या उंचवट्यावरून भरा!… कृष्णाबाई गं, आमच्या शेजारच्या. पहिलं कुंकू त्यांनाच लावलं… माहितीये मला, त्यांचे यजमान नाहीत. घरात शिरताना नदी विचारते का, सवाष्ण कोण आणि कोण नाही? आणि उखाणा काय घेतला माहितीये? ‘पोकलेन नाय, जेसीबी नाय, घमेल्यात भरला गाळ, विठूचं नाव घेते, पुराचा आला काळ!’ शिट्ट्या वाजवल्या बायकांनी.

भावोजी? त्यांना चहावर बसवलंय. पुरुषांना काय काम इथे?… हो, तोंड फुगवूनच करतायत.

अगं, थांब थांब. जीप आली… सरकारी. अगं बाई, त्याच मॅडम! कुणीतरी चुगली केली वाटतं… नाही, ठेवू नकोस, फोन हातातच आहे.

या या, मॅडम!… उत्खनन? छे हो, हळदीकुंकू आहे. तिळगूळ घ्या, गोड बोला… अहो, तुम्हीच नाही का म्हणालात, घमेलंभर?… आता वाणाला नाही म्हणू नये, मॅडम.

रुचिरा, ऐकतेस ना? मॅडमनी बोलायला तोंड उघडलं तर कृष्णाबाईंनी त्यात लाडूच घातला. बिचारीच्या एका हातात पेन, एका हातात घमेलं… आता विचारतायत, घरगुती वापर काय? कृष्णाबाई म्हणतात, ‘तुळशीवृंदावन बांधताव, बाय.’ सगळ्या गावाला आज एकदम तुळशीवृंदावन हवंय!… हसल्या. मॅडम हसल्या गं! म्हणतायत, मशीन दिसलं तर याद राखा… जीपमध्ये बसल्या. घमेलंही नेलं!

आणि हे काय? तुझे भावोजी पायजमा वर खोचून नदीत उतरलेत. भरतायत की!… मी नाही सांगितलं. आपणहून. पाठ धरली म्हणून महिनाभर बादली उचलली नव्हती या माणसाने.

हां, आता बोल. काय सांगायचं होतं?… कोण येतंय?… निनाद? तुझ्या ऑफिसातला? तो कशाला… घर बघायला? कुणाचं?

माझं?

कुणी बोलावलं त्यांना?… भावोजींनी? आणि तू मला आत्ता सांगतेस?… बोलू दिलं नाही म्हणून! अगं, पण…

नाही, चिडले नाहीये. वाईट वाटतंय मला, रुचिरा. मी इथे बायकांच्या हातापाया पडून घर वाचवतेय, आणि हा माणूस माझ्या पाठीमागे गिऱ्हाईक आणतोय.

आलेच बघ. पांढरी गाडी, नवरा-बायको. हे निघाले त्यांच्याकडे, चिखलाने माखलेले… थांब, ऐकू दे. निनाद विचारतोय, ‘काका, पुराचं पाणी येतं का हो इथे?’ झालं. आता म्हणतील, छे, थेंबभर नाही.

…रुचिरा.

अगं, हे हाताने दाखवतायत. गळ्यापर्यंत!… नाही गं, आपल्याकडे गुडघ्याच्या वर कधी आलंय? गळ्यापर्यंत दाखवतायत, तेही मान वर करून! आणि… साप? ‘साप तर दर वर्षी माळ्यावरच असतात,’ म्हणतायत. अगं, तिकिटाशिवाय प्लॅटफॉर्मवर पाऊल न टाकणारा माणूस तो!… ती बाई गाडीत जाऊन बसलीसुद्धा. काच वर केली. गेले.

आता माझ्याकडे बघतायत. हसत नाहीयेत, नुसते बघतायत.

कोण रडतंय? सर्दी झालीये मला… अहो! हलकंच घ्या हो ते, अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका!

ठेवते गं. परत नदीत चाललेत, आणि पाठ दुखत असताना त्यांना थांबा म्हणणारी इथे मी एकटीच आहे.