रिकाम्या रिळांखालची झाडं

जबाब देणार : इमारतीत टेलरबाई म्हणून परिचित, वय ५४ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार तळमजला, खोली क्रमांक दोन.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकोणीस वर्षांपासून राहते व पुढच्या खोलीत शिवणकामाचं दुकान चालवते. शेजारी, खोली क्रमांक तीनमध्ये, एक निवृत्त परिचारिका राहतात. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. मी दोन कुदळी व एक फावडं हिसकावून कुलपात ठेवलं, अशी तक्रार इमारतीच्या सेक्रेटरींनी दिली आहे. ती खरी आहे. कारण पुढीलप्रमाणे.

इमारतीमागे चव्वेचाळीस फूट लांब आणि सहा फूट रुंद पट्टी आहे. तिथे ऊन कधीच येत नाही. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या पडलेल्या असत. सिस्टरनी निवृत्तीनंतर ती साफ केली, पालापाचोळा कुजवून माती केली आणि होस्टाची बारा झाडं लावली. होस्टा म्हणजे सावलीत वाढणारं, पानांसाठीच लावायचं झाड. पहिली तीन वर्षं पानं तळहाताएवढीच होती. सगळ्यांनी थट्टा केली, मीही केली. सिस्टर म्हणायच्या, मोठं पान हवं असेल तर झाड जागचं हलवायचं नाही आणि घाई करायची नाही. त्या पाणी बुंध्याशी घालायच्या, पानांवर पडू द्यायच्या नाहीत, कारण पानावरची निळसर साय धुऊन जाते. गोगलगायी रोज सकाळी हाताने वेचायच्या. सहाव्या वर्षी मी स्वतः टेपने मोजलं. पान अठरा इंच लांब, चौदा इंच रुंद, आणि शिरा इस्त्री करून पाडलेल्या चुण्यांसारख्या. माझ्या हातून अशी चुणी आजवर पडलेली नाही, हे कबूल करते.

थंडीत हे झाड जमिनीखाली झोपतं, वर काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येकाच्या जागी आम्ही काठी रोवतो व तिच्यावर दोऱ्याचं रिकामं रीळ बसवतो.

मांडीचं हाड मोडल्याने सिस्टर सात आठवडे रुग्णालयात आहेत. पट्टीवर लक्ष ठेवायचा शब्द मी दिला होता. येत्या शुक्रवारी त्या घरी येणार आहेत. रिळं चिखलाने बरबटली होती. त्यांना छान दिसावं म्हणून मंगळवारी संध्याकाळी मी बाराही काठ्या उपटल्या, रिळं धुतली व खिडकीत वाळत घातली. त्या दिवशी मी अक्कल गहाण ठेवली होती.

बुधवारी सकाळी सव्वानऊ वाजता कुदळीचा आवाज आला. सेक्रेटरींनी सायकल स्टँडसाठी दोन मजूर लावले होते. मी भांडले. सेक्रेटरी म्हणाले की, खुणा होत्या तोवर त्यांनी हात लावला नव्हता, आज खुणा दिसल्या नाहीत म्हणून झाडं मेली असं धरलं. हे मी नाकारत नाही. तोपर्यंत भिंतीकडच्या पहिल्या झाडाचा गड्डा मधोमध चिरला होता. मी अवजारं हिसकावून दुकानात नेली. कोणाला मारलं नाही. सेक्रेटरींना जे बोलले ते शब्द इथे लिहू नयेत, ही विनंती.

बाकीची अकरा नेमकी कुठे आहेत ते मला सांगता येईना. मग आठवलं की लावताना मापं मीच घेतली होती. मापाच्या वहीत सिस्टरच्या कोटाच्या मापाखाली लिहिलेलं सापडलं : भिंतीपासून दोन फूट, पुढे दर साडेतीन फुटांवर एक. मी गुडघ्यांवर बसून टेप लावली. थोरल्या मजुराने न सांगता दुसरं टोक धरलं. प्रत्येक जागी हाताने माती बाजूला केली. अकराही जागच्या जागी होती, जाड मुळांची, वर जांभळट कोंब. सेक्रेटरीही वाकून बघू लागले.

साडेअकराला मी सिस्टरना फोन केला. काठ्या मीच उपटल्या, हे सांगताना मला रडू आवरलं नाही. पहिला गड्डा मधोमध चिरल्याचं त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चिरलेल्या दोन्ही तुकड्यांना कोंब आहे का बघ."

मी बघितलं. दोन्हींना होता.

"मग रडतेस काय? दोन झाली. एक जागच्या जागी लाव. दुसरं सेक्रेटरींना दे, त्यांच्या खिडकीखाली सावली आहे. म्हणावं, सहा वर्षं थांबा."

अवजारं मी परत केली आहेत. स्टँडचं काय ते शुक्रवारी सिस्टरसमोर ठरेल. सेक्रेटरींनी तक्रार मागे घेतलेली नाही, मात्र आज ठाण्यात माझ्याशेजारी बाकावर बसून त्यांनी पाणी किती घालायचं ते दोनदा विचारलं.

लिहिलेलं सर्व मला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी मुद्देमालाच्या रकान्यात झाडं बारा लिहिली होती, ती माझ्या सांगण्यावरून तेरा केली. सेक्रेटरींनी हरकत घेतली नाही. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.