एका कोटाला लागणारा दोरा

ती भोकं होय? — ती नका धरू हो हिशेबात. तुमच्या कोटांना तसली भोकं नसणार, हवं तर लिहून देते. नमुना आहे हा, नमुन्याचं इतकं मनावर घ्यायचं नसतं. बसा ना, उभे का — ती कापडं सरकवा आणि बसा. मशीनं सुरू झाली की इथे ओरडून बोलावं लागतं, आत्ता मधली सुट्टी आहे तोवर सांगून टाकते. पावणेतीनशे मीटर. एका कोटाला. तुटणारा, वाया जाणारा, बॉबिनच्या तळाशी उरणारा, सगळा धरून. त्यावरून तुमच्या पूर्ण ऑर्डरला दोऱ्याचे किती कोन लागतील आणि त्याचा दर काय पडेल, ते मालक संध्याकाळपर्यंत कळवतील. दोऱ्याचा खर्च तो केवढा, तुम्ही म्हणाल, कोटाच्या किमतीत चिमूटभर — खरं आहे, मीठही चिमूटभरच असतं. पण अर्ध्या ऑर्डरवर दोरा संपला की सगळी लाइन हातावर हात ठेवून बसते, आणि नवा मागवला तर निळ्याला निळा जुळत नाही. म्हणून ते आधी काढायचं. आणि ते काम माझं.

कसं म्हणजे — उसवून. कागदावरही निघतं, शिवणीची लांबी घ्यायची आणि साध्या शिवणीला अडीचपट दोरा धरायचा, कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉकला कितीतरी जास्त. पण तुमच्या थंड गोदामातल्या माणसांचे हे कोट, आत कापूस, आत अस्तर, वर पाणी न लागणारं कापड — कापड जाड तसा दोरा जास्त पितं, ते कागदाला काय कळणार? म्हणून मी नमुन्याची वीतभर शिवण उसवते, वरचा दोरा वेगळा, खालचा वेगळा, बेताने ताणून पट्टीवर मोजते. झालं. पण त्याला नमुना लागतो. मागच्या वेळचे कोट आम्हीच केले होते तुमच्या गोदामाला, पण कारखान्याने जागा बदलली तेव्हा कागद रद्दीत गेले, नमुने कुठे गेले देव जाणे. मालक मला म्हणाले, बाई, तुमच्या घरी एक असेल ना? आता ते तसं का म्हणाले — त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत आहे. आमचे हे तुमच्याच गोदामात होते ना. तुम्ही नवीन, तुम्हाला नसेल माहीत.

नाही नाही, गोदामात काही झालं नाही, तसं काही मनात आणू नका. सुट्टीचा दिवस होता. दिवा गेला होता घरातला, म्हणाले आलोच घेऊन, आणि गल्लीच्या तोंडाशी ट्रक — नुसत्या शर्टावर गेले होते. कोट घरी, खुंटीवर. तिथेच सगळं अडकलं बघा. कारण सासूबाईंचं गणित सरळ होतं — तो कामावर जातो तो कोट घालून जातो. कोट खुंटीवर आहे म्हणजे तो घरात आहे. आता ह्याच्यावर काय बोलणार? सुरुवातीला मी बोलले, नाही असं नाही. समजावलं, चिडले, रडले. त्या शांतपणे म्हणायच्या, अगं मग हा कोट कोणाचा? दृष्टी गेल्यासारखीच त्यांची, हाताने चाचपून सगळं चालतं. येता-जाता बाहीवरून हात फिरवायच्या. "जेवलास का रे, राजा?" कोटाला. "आज लवकर आलास."

मग मी काय केलं — कोणी केलं नसतं का सांगा — स्वयंपाकघरातून म्हणायला लागले, "हो म्हणतोय तो, जेवला." तेवढंच. म्हातारीचा जीव शांत. "दमलोय म्हणतोय." "डोकं दुखतंय म्हणतोय, पडू दे जरा." माझं मेलीचं काय जात होतं? चार शब्द. आणि खरं सांगायचं तर त्यांनी विचारल्यावर लगेच सुचायचं मला, विचार करावा लागायचा नाही, ते जे म्हणाले असते तेच यायचं तोंडात, त्यांच्या तिरकसपणासकट. सासूबाई खुदकन हसायच्या. मीही हसायची. मग कधीकधी त्यांनी न विचारताही — म्हणजे भिंतीला रंग कुठला द्यायचा त्यावरून आमचं एकदा चांगलं वाजलं. आमचं म्हणजे माझंच. शेवटी ह्यांचाच रंग दिला, भुरकट कसला तो — जाऊ दे. मी काय सांगत होते? नमुना.

तर कोट आणला इथे. आणताना सासूबाईंना म्हटलं, कामावर निघालाय तो. त्या म्हणाल्या, सांभाळून जा रे. ह्याच टेबलावर पसरला, बाजूची शिवण धरली, ब्लेडने वीतभर उसवली, दोरा मोजला — आणि माझा माझ्या पट्टीवर विश्वास बसेना. अडीचपट, जाड कापड म्हणून फार तर तीनपट. हा तर त्याच्या कितीतरी पट! एवढा दोरा एका वीतभर शिवणीत मावेल कुठे? परत मोजला. कटिंगच्या मास्तरांना हाक मारली, ते चष्मा वर करून बघून गेले, म्हणाले बाई तुम्ही जेवून घ्या आधी. मग मी आतलं अस्तर उलटं केलं. आणि बघते तर एक शिवण नाही हो ती. शिवणीच्या आत शिवण, तिच्या आत आणखी एक, बोट-बोटभर आत, दोन्ही बाजूंना, काखेपासून खालपर्यंत, बाह्यांनासुद्धा. जुनी न उसवता तिच्या आत नवी घातलेली. किती ओळी — मोजायचा माझा धंदा, पण मोजल्या नाहीत मी. हातच गेला नाही.

ह्या कापडाला एकदा सुई लागली की भोक बुजत नाही, हे तुम्हाला दिसतंच आहे. म्हणून ती भोकं. टाके आमच्या मशीनचे नव्हते. घरच्या मशीनचे होते, पायमशीन आहे सासूबाईंचं, जन्मभर लोकांचे कपडे शिवले त्यावर. आणि दोरा? दोरा मी नेलेला. उरलेले कोन मालक घरी नेऊ देतात. सकाळी निघताना सुई मीच ओवून ठेवायची त्यांना, उशीचे अभ्रे शिवते म्हणायच्या, वेळ जातो म्हणायच्या. अख्ख्या कारखान्याचा दोरा माझ्या डोक्यात, आणि घरातला निळा कोन एवढा लवकर का संपतो हे एकदाही विचारलं नाही मी. अभ्रे कोण निळ्याने शिवतं? कोट रोज झटकायची मी — रोज, ह्या हाताने — आणि तो बारीक होतोय हे मला दिसलं नाही.

घरी गेले ती तशीच कोट घेऊन त्यांच्यापुढे बसले. म्हटलं, आई, हा तुम्ही आत घेतलात? अगदी सहज म्हणाल्या, "मग काय करू? किती वाळलाय तो, बघितलंस का कधी? नुसता लोंबतो अंगावर. गार वारा आत शिरतो." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "तू जेवला जेवला म्हणतेस, घालतेस का गं त्याला खरंच जेवायला?"

मला ते लागलं, भाऊ. वेडीच्या तोंडचं म्हणून सोडून देता येत नाही असं काही. मी बोलून बोलून घरात धरून ठेवलेला माणूस तिकडे रोज वाळत होता आणि मला पत्ता नाही. रात्रभर — नको ते. आणि आणखी एक मनात आलं, ते तुम्हाला म्हणून सांगते. तो कोट मी माझ्यापुढे धरून बघितला. आणखी थोडा आत घेतला असता तर शाळेतल्या पोराला झाला असता. म्हणजे वाळत होता, की लहान होत होता? त्या त्याला मागे-मागे नेत होत्या का, बोट-बोटभर, परत कडेवर घेण्याएवढा होईपर्यंत? आणि मग मी कुठे? पोराला बायको नसते. त्या घरात मग मी कोणाची कोण?

दुसऱ्या दिवशी इथे येऊन मी काय काम केलं असेल तर ते हेच. एकेक शिवण काढली. सगळ्यात आतली आधी, मग तिच्या बाहेरची. घाई केली नाही, एवढं कापड फाटायला किती वेळ? शिंपी लोक शिवणीत जास्तीचं कापड ठेवतात ना, त्याला माया म्हणतात — हो, मायाच — ती सगळी आत दुमडून दुमडून टणक झाली होती, ती नखाने सोडवली. शेवटी सगळ्यांच्या बाहेर आमची शिवण लागली. कारखान्याची. तशीच्या तशी, एक टाका हललेला नाही; मी उसवलेली ती वीत तेवढी परत घातली. त्याच शिवणीवर काढलाय तुमचा आकडा, काळजी करू नका, बाकीचं सगळं वजा केलंय. काढलेला दोरा? तो टाकला. बराच झाला होता, पक्ष्याचं घरटं असावं तेवढा, मांडीवर घेऊन बसले होते — टाकला म्हणते ना.

तर कोट घरी नेऊन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी चाचपला. खांदे, छाती, काख, बाह्या. फार वेळ चाचपत होत्या. मला वाटलं आता रागावतात. चेहरा असा हळूहळू मोकळा झाला त्यांचा — मी कधी बघितला नव्हता तसा. म्हणाल्या, "भरला गं. होता तसा झाला." मी म्हटलं हो आई. कोट मांडीवर ठेवला त्यांनी, वरून दोन्ही हात ठेवले, आणि म्हणाल्या, "असाच होता ना तो जाताना?"

जाताना. म्हणजे काय ते मला कळलं नाही आधी. म्हणाल्या, "त्या दिवशी तू दाराशी ओरडलीस, ते मी ऐकलं होतं. माहीत होतं मला. पण म्हटलं, कोट आहे तोवर तोही असू दे थोडा." आणि रडल्या, भाऊ, पहिल्यांदा. व्यवस्थित रडल्या, नाक पुसलं, पाणी मागितलं. पाणी देताना मी — मी काय बोलले ते ऐका, मला अजून कळत नाही मी का बोलले — मी म्हटलं, "रडू नका ना आई, बघा, तो म्हणतोय —"

त्यांनी पेला खाली ठेवला. माझं तोंड हाताने शोधलं, गालावर हात ठेवला, आणि एवढ्या हलक्या आवाजात विचारलं की जणू मी तापाने फणफणलेली आहे. "बाई गं," म्हणाल्या, "कोण म्हणतोय?"

त्या आता बऱ्या आहेत. खुंटीकडे जात नाहीत. दोन घास जास्त जेवतात, शेजारणीशी भांडतात, सगळं पूर्वीसारखं. आज सकाळी कोट त्यांनीच माझ्या हातात दिला, गोदामाच्या माणसाला देऊन टाक म्हणाल्या, कुणाच्या तरी कामी येऊ दे. आणि मागून मला सांगतात, तू पण जरा माणसांत मिसळ, स्वयंपाकघरात एकटी बडबडत असतेस. मी! त्यांनी मला सांगावं! मी बडबडते ते — मी काही — घर शांत झालं की भांड्यांचा आवाजसुद्धा बोलल्यासारखा वाटतो, एवढंच ते. कुणालाही वाटेल.

असो. घेऊन जा तुम्ही. तुमच्या साहेबांना मापाला हवा आहे ना, मालकांनी सांगितलंय मला, द्यायचाच आहे. थांबा, घडी घालून कागदात — अहो, अहो, घालून कशाला बघताय? माप आत लिहिलंय कॉलरला. काढा. काढा म्हणते ना, तो काही —

नाही. थांबा. राहू द्या.

खांद्यावर बसलाय. जरा तिकडे तोंड करा, खिडकीकडे. बोलू नका काही. काही म्हणजे काहीच नको, नुसते उभे राहा. उजवा हात खिशात घाला. डावा नको. हं.

घंटा झाली बघा. मुली येतील आता जागेवर. जा तुम्ही — नका काढू, तसेच जा, जिना उतरून सरळ. आणि दारात थांबून ‘येतो’ म्हणू नका.