अप्सरेचा उजवा हात

नोक : बाबा, दंड सोडा ना! लोक बघतायत.

बुनलर्ट : आधी तिथून बाजूला हो. इकडे, खांबापाशी ये. ये म्हणतो ना!

नोक : तीन तास बसमध्ये हाडं मोडत आले ती या मंदिरात तुमच्या अप्सरेखाली फोटो काढायला. कोरलीत तुम्ही, आणि लेकीलाच हाकलताय?

बुनलर्ट : फोटोवाचून काही अडत नाही तुझं.

नोक : ही पिवळी टोपी दिलीय की दारात. फणस दिसतेय मी हिच्यात.

बुनलर्ट : ती वर अजून कोरकाम चालतं, लाकडाचे छिलके पडतात म्हणून. अप्सरेचा उजवा हात एवढा जड, चौघांनी मिळून वर चढवलाय.

नोक : मग? चौदा वर्षं आहे की जागेवर.

बुनलर्ट : कोपराखाली बघ. बोट दाखवू नकोस.

नोक : तपकिरी ओघळ आहे. पालीचं काहीतरी असेल.

बुनलर्ट : गंज आहे तो.

नोक : लाकडाला कुठला गंज?

(वर कर्णा बोलू लागतो : "या मंदिरात लोखंडाचा एकही खिळा नाही. सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून…")

नोक : बाबा. तुम्ही खिळा ठोकलात?

बुनलर्ट : हळू! दुसऱ्या दिवशी गुरुपूजेचा गुरुवार. हात बसवताना आतली कूस, खाचेत बसणारी, चिरली. मला कोरकाम शिकवणाऱ्या गुरुजींनी पाहिलं असतं तर अप्सरेचा हात जाळायला लावला असता. सात महिन्यांचं काम, नोक. वीतभर खिळा मारला, वर भुसा आणि लाख. आणि सकाळी त्याच हातांनी गुरुजींच्या पायाशी फुलं ठेवली.

नोक : आणि समुद्र दाराशी.

बुनलर्ट : खारा वारा खातोय त्याला. मलाही. माझे हात थरथरायला लागले ते त्याच वर्षी. गुरूशी केलेला अपराध हा. याला औषध नाही.

नोक : औषध आहे, तुम्ही गोळ्या बशीखाली लपवता. बाबा… त्या सहलीच्या आज्या नेमक्या तिथेच बसल्या. चिकट भाताच्या टोपल्या उघडतायत.

बुनलर्ट : दिसतंय मला.

नोक : मग सांगा ना गुरुजींना! ते काय, तिथे पटाशी घासतायत.

बुनलर्ट : माझ्याने नाही होणार. तू सांग.

नोक : मी काय सांगू? थांबा, मीच त्यांना उठवते.

बुनलर्ट : तू जाऊ नकोस त्याच्याखाली! मी… गुरुजी! गुरुजी!

गुरुजी : कोण रे? बुनलर्ट? पिकलास की पार. गुरुपूजेला तोंड दाखवत नाहीस, आणि आज मंदिरात बोंबलतोस?

बुनलर्ट : त्या आज्यांना उठवा. आधी उठवा.

गुरुजी : का?

बुनलर्ट : उजव्या हातात खिळा आहे. लोखंडाचा. मी मारलाय.

गुरुजी : कुठे म्हणालास?

नोक : ओघळ बघा, गुरुजी. कोपराखाली.

गुरुजी : बघतोय. ए आज्यांनो, उठा, टोपल्या उचला! बाहेर सावलीत बसा. नाही आजी, घास नंतर. आत्ता. पोरी, त्या काठीवाल्या आजींना धर.

नोक : चला आजी. मासा मी घेते, तुम्ही चला.

गुरुजी : बुनलर्ट, पहिल्यांदा पटाशी धरलीस तेव्हा तुझ्या मुठीवर माझी मूठ होती.

बुनलर्ट : होती, गुरुजी.

गुरुजी : मग थरथरू नकोस. वर बघ, नीट आठव. एकच खिळा ना?

(बुनलर्ट छताकडे बघत बोटांवर मोजू लागतो.)

नोक : बाबा?

बुनलर्ट : सगळं मंदिर रिकामं करा, गुरुजी.