खडतर बालपणाचं प्रदर्शन

कलाकाराला बालपण खडतर लागतं म्हणे. नसलं तर लोक तयार करून घेतात. माझे धाकटे दीर चित्रकार आहेत. परवा प्रदर्शनाच्या उद्घाटनाला ते माईकवर म्हणाले, "लहानपणी पोटाला मिळालं नाही, म्हणून माझ्या रंगांत वेदना आहे." बायका डोळे पुसत सासूबाईंकडे रागानं बघायला लागल्या. सासूबाई पहिल्या रांगेतून उठल्याच.

"व्हय रं? रोज दूध कट्ट्यावर नेऊन म्हशीचं समोर पिळलेलं ताजं दूध कुणी पाजलं? थोरलाबी तेच प्यालाय, त्याला कागदावर साधा आंबा काढता येत न्हाय!"

भावजी खाली येऊन कुजबुजले, "आई, दुःखाशिवाय कला मोठी होत नाही गं."

"मग आज घरात मटण शिजलंय, तू येऊ नगंस. पुढची चित्रं तरी बरी निघतील!"