तीन हात, मग श्वास

हॅलो? हां, बोल… नाही, आईला आत्ताच भरवलं, पडलीय. थांब, दार लोटून घेते, तिचा डोळा लागला तरी कान जागे असतात… हं. आता सांग. गेलीस का आज खोल बाजूला?

काय म्हणजे? पोहायला. शनिवार ना आज… गेलीच नाहीस? बरं नाहीये का?… मग?

सोडलास? क्लास सोडलास?

अगं, मला विचारायचंस तरी… हो, हो, फी तुझी, केस तुझे गळतात, सगळं मान्य. पण आता कुठे मला श्वास जमायला लागला होता…

हसू नकोस. तीन महिने तू सांगतेस तसं करतेय मी. दुपारी आईच्या शेजारी, कॉटवर पालथी पडून. तीन हात, मग मान उजवीकडे, मग श्वास… परवा आईच म्हणाली, काय गं, झटके येतात का तुला?

मी? मी कुठे जाऊ आता… माहितीय, मागच्या गल्लीतच आहे तलाव. कपडे वाळत घालताना शिट्टी ऐकू येते त्यांची. पण आईला कोण बघणार?… तू? दर शनिवारी?

अगं ऐक ना, ती माझ्याशिवाय कुणाच्या हातून खात नाही… कधी? मी दाढ काढायला गेले होते तेव्हा?… पूर्ण वाटी?

मला बोलली नाही ती.

ऐकतेय… नाही, रडत नाहीये. आणि पोहायचे कपडे? तुझे मला कसे… घेऊन ठेवलेस? माझ्या मापाचे?

खरं सांगू? मला पाण्याची भीती वाटते गं… हो, मीच म्हणायचे, सोड काठ, काही होत नाही. तेव्हा बुडणार तू होतीस ना. म्हण हवं तर, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण…

आले गं आई, आले. उठली बघ.

नको, तू येऊ नकोस. ऐक ना, त्यापेक्षा पुढच्या शनिवारी तूच जा. एकदाच. माझ्यासाठी… चिडतेस काय? पोहू नकोस हवं तर. नुसती त्या टोकाला जा आणि काठ सोड. पाय टेकत नाहीत तिथं कसं वाटतं, तेवढं सांग मला. मग परत नाही मागणार…

हॅलो?

अगं, ठेवलास?