कवडीचा मोडका पाय

ऐका. जरा सरकून बसा. सांगतोय ते माझ्या चुलतीवर, अनसाबाईवर गुदरलेलं आहे. तिच्याच तोंडून ऐकलंय, म्हणून सांगतो.

अनसाची लेक कौसा बाळंतपणात गेली. मागं तान्हं लेकरू राहिलं. ते कवडी नावाच्या शेळीच्या दुधावर जगत होतं. दुसरं काही पचतच नव्हतं त्याला. आणि एके दिवशी कलत्या उन्हाला कवडीचा पुढचा पाय दगडाच्या कपारीत अडकला. नळी मोडली.

शेळीचा पाय मोडला की लोक सुरी शोधतात. अनसानं कवडीला खांद्यावर घेतलं आणि ओढ्यापलीकडं गेनबा हाडवैद्याकडं नेलं. त्यानं हाड जुळवलं, बांबूच्या कामट्या लावल्या, वरून चिंध्या आवळल्या. म्हणाला, "पाय भुईला टेकू देऊ नकोस. हाड सरकलं तर जनावर गेलं. आज इथंच राहा."

"घरी लेकरू उपाशी आहे," अनसा म्हणाली, आणि निघाली. तोवर अंधार पडला होता. सडकेनं लांब पडतं, म्हणून ती ओढ्याच्या वाटेला लागली. तिथंच चुकलं बघा.

ओढ्यात उतरली, तर मागून एक माणूस आला. "बाई, ओझं जड आहे. द्या शेळी इकडं."

अनसानं कवडीला घट्ट धरलं. चालत राहिली. वाळूत तिची पावलं वाजत होती. त्याची वाजत नव्हती.

मग गळ्यापाशी काहीतरी हललं. चिंधीची गाठ सुटत होती. आपोआप. एक सुटली, दुसरी सुटली. कामट्या घसरून खाली पडल्या. अनसानं मोडक्या जागी मूठ आवळली. चालत राहिली.

आणि ऐका, समोर कौसा उभी. मसणात नेली तेव्हाचंच हिरवं लुगडं. हातात लेकरू, रडत असलेलं.

"आई, माझे हात भरून आले गं. शेळी खाली ठेव. ह्याला घे."

अनसाचे पाय थांबले. त्या आवाजासाठी जीव तरसला होता तिचा. ती खाली बसणारच होती. तेवढ्यात खांद्यावर कवडी कण्हली.

अनसा रडतच म्हणाली, "तू माझी कौसा असतीस तर हिला ठेव म्हणाली नसतीस, बाई. तुझं लेकरू हिच्यावरच जगतंय."

मान खाली घालून ती शेजारून पुढं गेली. ओढा चढून वर येईस्तोवर मागून हाका येत होत्या. आई. आई गं.

घरी आली तर मूठ उघडेना. माझ्या आईनं तेल लावून एकेक बोट सोडवलं. सकाळी गेनबानं येऊन पाय पुन्हा बांधला. कवडी लंगडत का होईना चालली. लेकरू जगलं.

पुढं एकदा तिन्हीसांजेला अनसा मला त्याच ओढ्याच्या काठावर दिसली. म्हटलं, "काकू, इथं कशाला?"

"ती कौसा नव्हती, ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पण आवाज तिचाच होता रे."

मी हात धरून तिला घरी आणलं.

म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर त्या वाटेला जाऊ नका. भ्यालेला माणूस तिथून पळून तरी सुटतो. ज्याचं कुणी गेलंय, त्यानं तर तिकडं फिरकूच नये.