मिस्त्रींचा नापास भाला

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, ज्यांच्या शाळेचं मैदान आपण गेली एकोणीस वर्षं तुडवत आलो त्या मुख्याध्यापिका बाई. व्यासपीठावर विराजमान झालेले हाडांचे डॉक्टर. आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आपले मिस्त्री, म्हणजेच माझे सासरे. त्यांच्या शेजारी बसलेल्या सासूबाई. आणि समोर बसलेल्या दोन्ही सैन्यांतल्या बंधू-भगिनींनो,

सर्वप्रथम डॉक्टरांचे आभार. आपल्या मंडळाकडून त्यांना एकोणीस वर्षांत एकही पेशंट मिळालेला नाही. तरीही ते आज आले. याला मनाचा मोठेपणा म्हणतात.

काही पाहुणे पहिल्यांदाच आले आहेत. मघाशी दारात एका गृहस्थांनी मला विचारलं, "ताई, हे नाटकाचं सामान का?" नाही हो. आपण दर रविवारी मोठी माणसं वेश चढवून मैदानात उतरतो. कुणी राजा, कुणी सेनापती, कुणी राक्षस. आपले बँकेचे मॅनेजर चार वर्षं राक्षस आहेत, त्यांना बढती नको आहे. मग आपण तलवारी, गदा, भाल्यांनी एकमेकांना खरोखर मारतो आणि सोमवारी सगळे धडधाकट कामावर जातो. हे जमतं कसं? तर त्याचं उत्तर ते बघा, पहिल्या खुर्चीत हाताची घडी घालून बसलंय.

मिस्त्री मूळचे बसच्या सीटा शिवणारे. फोम त्यांना पाठ. मंडळाच्या पहिल्याच वर्षी एका हौशी वीराने झाडूच्या दांड्यावर उशी गुंडाळून गदा केली आणि स्वतःच्या मेहुण्याच्या कपाळावर टेंगूळ आणलं. मेहुणा अजून बोलत नाही म्हणे. त्या दिवशी मिस्त्री सीट शिवायची सुई खिशात खोचून पुढे आले आणि म्हणाले, "ज्याने बनवलं, त्याने आधी खायचं." तेव्हापासूनचा आपला नियम. कुठलंही हत्यार मैदानात जायच्या आधी तपासनीस त्याचं टोक अंगठ्याने दाबणार. आतला दांडा अंगठ्याला लागला, की नापास. नाही लागला, तर त्याच हत्याराचे तीन वार बनवणाऱ्याच्या पाठीवर. मिस्त्रींनी शेकड्यांनी हत्यारं बनवली. म्हणजे किती वार खाल्ले, ते तुम्हीच बघा. सासूबाई म्हणतात, "संसारात मी एवढं बोलले नसेन."

चार वर्षांपूर्वी त्यांनी मला तपासनीस केलं. वर दम दिला: "घरचा माणूस म्हणून सूट दिलीस, तर त्याच दिवशी पद काढून घेईन." मी म्हटलं, "बरं बाबा." तेव्हा काय कल्पना होती, हे वाक्य माझ्याच गळ्यात येणार आहे!

चाळीस दिवसांपूर्वीची मोठी लढाई तुम्हाला आठवत असेल. साठ जण रांगेत उभे, प्रत्येकाच्या हातात हत्यार. मिस्त्रींनी सहा फुटी भाला आणला होता. इतका देखणा, की पलीकडचा सेनापतीसुद्धा टाळ्या वाजवायला लागला. मी नेहमीसारखं टोक दाबलं. अंगठा फोममध्ये आत गेला आणि टक्कन दांड्याला लागला. दांड्याच्या तोंडावर चामड्याची चकती बसवायची असते, म्हणजे तो फोम फाडून बाहेर येत नाही. हे मला शिकवलं कुणी? त्यांनीच. आणि त्यांच्याच भाल्यात चकती नव्हती.

खरं सांगते, क्षणभर वाटलं, जाऊ दे. कोण बघतंय? पण त्या भाल्यासमोर त्या दिवशी आपले राक्षस, म्हणजे मॅनेजरसाहेब, उभे राहणार होते. त्यांना दोन लहान मुली आहेत.

मी म्हटलं, "नापास."

बाबा म्हणाले, "पुन्हा दाब."

मी पुन्हा दाबला. "नापास, बाबा."

त्यांनी भाला घेतला, मैदानाच्या कडेला नीट आडवा ठेवला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी मंडळाला चिठ्ठी आली: "माझे हात विसरू लागले आहेत. हात विसरले, की या कामात दुसऱ्याचा डोळा जातो. मला मोकळं करावं." म्हणून तर आपण आज हा हॉल घेतला आहे.

आणि माझ्याशी त्यांनी अबोला धरला. एका घरात, एका टेबलावर. "तिला सांगा, मीठ कमी आहे." मी शेजारीच बसलेली! सासूबाई इमानेइतबारे मला सांगायच्या, मीठ कमी आहे. मी म्हणायची, बरणी त्यांच्या कोपराजवळ आहे. मग त्या ते त्यांना सांगायच्या. माझे यजमान या काळात दोन्हीकडे सारखं हसत होते. त्यांचा सत्कार वेगळा करावा लागेल.

हसा, हसा. पण मला फार लागलं ते. मला शिकवलेलं मी केलं, आणि त्यापायी शिकवणारा माणूस हरवला, असं वाटायचं. तपासनीसपद सोडावं, असं दहादा मनात आलं.

आता काल काय झालं ते सांगते. समितीने मिस्त्रींचा कामाचा डगला इथे लावायला मागितला होता. तो बघा, मागे टांगलाय. त्या दिवशीपासून तो बाबा हत्यारं बनवतात त्या कारखान्यातल्या खुंटीवर तसाच होता. मी काढून झटकला, तर उजव्या बाहीला कोपराखाली काहीतरी कडक लागलं.

ही बघा. चामड्याची चकती. मागच्यांना दिसत नसेल, रुपयाएवढी आहे.

फोमचं काम करणाऱ्यांना कळलंच असेल. बाकीच्यांना सांगते. चकतीला आणि दांड्याला चिकटवायचं सोल्युशन लावून दहा मिनिटं सुकू द्यायचं, मगच दाबायचं. बाबांनी चकती कापली होती, सोल्युशन लावलं होतं, सुकायला टेबलावर ठेवली होती. मध्येच कोपर टेकलं आणि चकती डगल्याला चिकटून बसली. टेबल मोकळं दिसलं, तेव्हा त्यांना वाटलं, लावून झाली. फोम चढवला.

बाबा, चूक झाली, ती झालीच. भाला नापासच होता आणि आजही मी नापासच करीन. पण तुमचे हात काही विसरले नव्हते. चकती चोख कापलेली आहे. चुकलं ते कोपर.

सासूबाई, त्यांना पाणी द्या.

समितीच्या वतीने मी ही तलवार मिस्त्रींना भेट देते. मी स्वतः बनवली आहे. पण तपासनिसाचं हत्यार तपासणार कोण, हा प्रश्न होताच. तेव्हा बाबा, उठा. आधी अंगठा, मग तीन वार. ही माझी पाठ. चाळीस दिवसांचं काय असेल ते वसूल करा.

मंडळी, शांत राहा, ते टोक दाबताहेत. पुन्हा दाबताहेत. टोक ठीक दिसतंय. आता मूठ धरून हलवताहेत. अजून हलवताहेत.

बाबा, माइक लांब आहे, लोकांना ऐकू गेलं नाही. मीच सांगते. ते म्हणाले, "मूठ हलतेय. नापास. उद्या सकाळी आठला कारखान्यात ये, दाखवतो."

हे ते माझ्याशी बोलले. थेट. मध्ये सासूबाई नव्हत्या.

नापास हत्याराने वार करता येत नाही, त्यामुळे माझी पाठ वाचली. अध्यक्षा बाई, डॉक्टर आणि आपण सर्व आलात, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात घरातलं चारचौघांत बाहेर काढलं, ते पोटात घालावं. आणखी एक चूक पदरात घ्या. मला निरोपाचं भाषण करायला सांगितलं होतं. पण उद्या सकाळी आठला कामावर येणाऱ्या माणसाला आज निरोप कसा द्यायचा, ते मला काही येत नाही.